सौद्यात माणसंही धरा

नगरच्या एमआयडीसीतला एल अँड टीचा स्विचगिअरचा कारखाना ऑगस्ट २०२० मध्ये फ्रान्सच्या श्नायडरकडे गेला. मालक परदेशी झाला, पण सौदा अख्ख्या व्यवसायाचा होता. त्यामुळे माणसं कामासकट नव्या मालकाकडे गेली.

तळेगावात असं झालं नाही. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतात गाड्या विकणं थांबवलं. तरी तिच्या तळेगावच्या कारखान्यातले कामगार पुढची तीन वर्षं मेक्सिकोसारख्या देशांसाठी गाड्या बांधत राहिले. डिसेंबर २०२० मध्ये तेही काम थांबलं आणि एप्रिल २०२१ मध्ये १,४१९ कामगारांना ले-ऑफ मिळाला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने हा कारखाना घेण्याचा करार केला. त्यात जमीन होती, इमारती होत्या, काही यंत्रंही होती. माणसं नव्हती. निर्णय जनरल मोटर्सच्या डेट्रॉइटच्या मुख्यालयात झाला, घराचे हप्ते मात्र इथे थकले.

हे पारनेर तालुक्यातल्या सुप्यात कुणीतरी मोठ्याने बोललं पाहिजे. पारनेरच्या शेतकऱ्यांच्या जमिनींवर तिथे एमआयडीसी वाढली, जपानी कंपन्यांसाठी वेगळा पट्टा राखला गेला. कारखाने यावेत, जरूर यावेत. पण जी कंपनी स्वस्त पडतं म्हणून इथे येते, ती उद्या दुसरीकडे त्याहून स्वस्त पडलं तर जाईल. तेव्हा कामगाराच्या हातात काय राहणार? कारखाना बंद करण्याआधी सरकारची परवानगी घेण्याची अट पूर्वी १०० कामगारांपासून लागू होती. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत ती मर्यादा ३०० आहे. सुप्यातले कितीतरी शेड या आकड्याच्या खालीच राहतील. कंत्राटी पोरांची तर गोष्टच वेगळी. त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणायला ठेकेदाराचा एक फोन पुरतो.

सरकारच्या हातात मात्र पुष्कळ आहे. एमआयडीसी भूखंड विकत नाही, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते, आणि तो दुसऱ्याच्या नावावर करायला तिचीच संमती लागते. त्या संमतीलाच अट जोडा: जुने कामगार आधी कामावर घ्या, कंत्राटीसुद्धा. पारनेरच्या लोकप्रतिनिधींनी आणि जमीन दिलेल्या गावांनी सुप्याच्या पुढच्या भूखंडापासूनच हे कलम भाडेपट्ट्यात लिहून घ्यावं.