फीत, खादा आणि २० कोटी

नेपाळमधल्या एखाद्या गावात भारताच्या पैशातून शाळा बांधून झाली, की पुढचा क्रम ठरलेला. गाड्यांचा ताफा, राजदूतांच्या गळ्यात खादा म्हणजे मानाचे उपरणे, फीत, टाळ्या, भाषण. भाषणात दोन्ही देशांचे युगायुगांचे नाते. शाळेच्या नळाला पाणी येते का, हा विषय भाषणात बसत नाही.

आणि नळ उघडून बघायला राजदूत थोडेच आलेले असतात?

आता उगाच नाक मुरडू नये. २००३ पासून आपण तिथे शाळा, दवाखाने, पाण्याच्या योजना अशी शेकडो कामे केली. लोकांची सोय झाली. सोय झाली म्हणूनच फोटो चांगले येतात.

जानेवारी २०२४ मध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर काठमांडूला गेले आणि एका कामाच्या खर्चाची मर्यादा ५ कोटी नेपाळी रुपयांवरून थेट २० कोटींवर गेली. तिकडे लगेच ओरड: परक्या वकिलातीचा पैसा गावपातळीवर कशाला? आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर परक्या देशाची पाटी लागली असती, तर आपण काय पेढे वाटले असते?

पण ही ओरड राजधानीतली, आणि नेपाळात स्थानिक पालिका ७५३. स्वाभिमान काठमांडूत राहतो, गळके छप्पर गावात.

आपण प्रजासत्ताक दिनाला, स्वातंत्र्य दिनाला रुग्णवाहिकाही देतो. २०१५ च्या एप्रिलमध्ये भूकंप झाला, आपण मदतीला धावलो. त्याच वर्षी सप्टेंबरात सीमेवर इंधनाचे ट्रक अडकले. नेपाळ म्हणतो नाकाबंदी, आपण म्हणतो आम्ही केलीच नाही.

रुग्णवाहिका मात्र डिझेलवरच चालते.

शेजारचा चीन आणखी पोहोचलेला. पोखराचा विमानतळ चिनी कर्जातून झाला, १ जानेवारी २०२३ ला सुरू झाला. उद्घाटनाच्या तोंडावर चिनी वकिलातीने सांगून टाकले, हा तर आमच्या ‘बेल्ट अँड रोड’ योजनेचा प्रकल्प! हप्ते नेपाळने भरायचे, श्रेय बीजिंगने घ्यायचे. आपल्या शाळा निदान अनुदानाच्या आहेत.

अमेरिकेने नेपाळला देऊ केलेले ५० कोटी डॉलरही अनुदानच होते. करार २०१७ चा. संसदेची मंजुरी मिळेपर्यंत २०२२ चा फेब्रुवारी उजाडला, तोही रस्त्यावर दगडफेक आणि अश्रुधूर होऊन. फुकटाला इतके घाबरणारा देश दुसरा कुठला? बहुधा सगळ्यात जास्त अनुभव असलेला.

गंमत म्हणजे नेपाळला खरा हात देणारा कुठल्याच वकिलातीत बसत नाही. परदेशी राबणाऱ्या नेपाळ्यांनी घरी धाडलेला पैसा त्या देशाच्या सकल उत्पादनाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास जातो. कोणी आखातात तापतो, कोणी मलेशियात. कोणी पुण्यातल्या सोसायटीच्या गेटवर रात्र काढतो. त्या पैशातून घरावर पत्रे चढतात, पोरांच्या फिया भरल्या जातात. समारंभ नाही, ताफा नाही.

एखाद्या राजदूताने गेटवरच्या त्या माणसाच्या घराला भेट द्यायचे ठरवलेच, तर पाटीसाठी त्याचे नाव लागेल. सोसायटीत विचारून उपयोग नाही. तिथे सगळे त्याला ‘बहादूर’ म्हणतात.