पोचा पडल्यानंतरचे विधी

क्लेम टाकायचा तर आधी अपघात हवा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो विनासायास मिळतो. गाडी मागे घेताना वॉचमनला पाठीमागे उभं करावं. तो "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत राहतो आणि बंपर खांबावर आदळला की "बास!" म्हणतो. त्या क्षणापासून आपण साधे गाडीवाले राहत नाही, विमाधारक होतो.

विमाधारकाने गाडीला हात लावायचा नसतो. एव्हाना शेजारचे काका खाली आलेले असतात आणि उकळतं पाणी ओतून पोचा बाहेर काढायचा त्यांचा आग्रह असतो. त्यांना चहाला वर पाठवावं. सर्व्हेअर येण्याआधीच पोचा निघाला, तर नुकसान दाखवणार कुठलं? फोटो काढावेत: नंबर प्लेट दिसेल असा एक, पोच्याचा जवळून एक, खांबासकट एक. मग लगेच कंपनीला कळवून क्लेम नंबर घ्यावा. खांब तक्रार करत नसल्याने पोलिसांत जायची वेळ सहसा येत नाही. कुणाला लागलं असेल किंवा समोरच्याचं नुकसान झालं असेल, तर मात्र हे वाचत बसू नये, आधी तिकडे बघावं.

क्लेम फॉर्ममध्ये 'अपघात कसा झाला' यासाठी चार ओळी सोडलेल्या असतात. तिथे भल्याभल्यांमधला कादंबरीकार जागा होतो आणि गाडीसमोर कुत्रं आडवं येतं. रिव्हर्समध्ये असलेल्या गाडीसमोर कुत्रं येऊन बिघडतं काय, हे सर्व्हेअरलाही कळतं. 'गाडी मागे घेताना खांबाला लागली' एवढं पुरे. चालवत कोण होतं, तेही खरं लिहावं. चिरंजीव चालवत असतील आणि त्यांचं लायसन्स अजून यायचं असेल, तर क्लेमचा विचार सोडून चिरंजीवांचा करावा.

पॉलिसी, आरसी, लायसन्स आणि गॅरेजचं एस्टिमेट जमलं की सर्व्हेअर येतो. तो बंपर बघतो, मान डोलावतो. आपण सहज बोलल्यासारखं डाव्या दाराकडे बोट दाखवतो: "हेही त्याच वेळचं." तो वाकतो, ओरखड्यावरून नख फिरवतो, नखाला लागलेला गंज आपल्यासमोर धरतो आणि काही न बोलता कागदावर फक्त 'मागचा बंपर' लिहितो. या प्रसंगी घड्याळात बघावं.

आता हिशोब. याच्यासाठी एक शांत दुपार राखून ठेवावी, जेवणानंतरची नको. समजा बंपर ५,००० चा, रंगकाम ४,००० चं, मजुरी १,०००. एकूण १०,०००. प्लास्टिकच्या भागावर घसारा ५० टक्के, म्हणजे बंपरचे अडीच हजार गेले. रंगाच्या बिलातला चौथा हिस्सा साहित्याचा धरतात आणि त्यातला निम्मा कापतात: पाचशे गेले. गाडी १,५०० सीसीपर्यंतची असेल तर पहिले हजार रुपये सक्तीने आपलेच. हाती आले ६,०००. झीरो डेप घेतलं असतं तर घसारा वाचला असता, पण पॉलिसी घेताना आपणच एजंटला "मी गाडी जपून चालवतो हो" असं ऐकवलेलं असतं.

खरा खर्च पुढच्या वर्षी येतो. पाच वर्षं क्लेम न टाकता जमवलेला ५० टक्के नो क्लेम बोनस या एका बंपरपायी शून्यावर येतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा प्रीमियम सूट धरण्याआधी ८,००० असेल, तर त्या वर्षी ४,००० ची सूट बुडाली. त्याच्या पुढच्या वर्षी ५० ऐवजी २० टक्के, म्हणजे आणखी २,४००. दोन वर्षांत ६,४०० घालवून आपण ६,००० मिळवले. वर गॅरेजच्या खेपा आणि दोन रजा. तरीही क्लेम टाकावाच असं म्हणणारे असतात, कारण "इतकी वर्षं भरतोय, एकदा तरी वसूल व्हायला नको?" ही मंडळी बुफेला रिकाम्या पोटी जाणाऱ्यांतली.

ज्यांना हिशोब पटला, त्यांनी कोपऱ्यावरच्या डेंटिंगवाल्याकडे जावं. आणि पटण्याआधीच ज्यांनी क्लेम टाकलाय, त्यांनी पुढच्या वर्षी कंपनी बदलून "क्लेम? छे, कधीच नाही" असं सांगायला जाऊ नये. नवी कंपनी जुनीला विचारते.