भज्यांसोबत पुदिन्याची चटणी : जिल्हास्तरीय मार्गदर्शक सूचना

परभणीतून फुटून १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला. जिल्हाधिकारी आले, पोलीस अधीक्षक आले. पण भज्यांसोबत अधिकृतपणे काय वाढायचे, हा विषय आजतागायत प्रलंबित आहे. तूर्त कारभार तळलेल्या मिरचीकडे आहे. घरात ठेचा आणि शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची चटणी असे जुने कायम कर्मचारी बसलेले असतात. अशा आस्थापनेवर पुदिन्याला रुजू करून घ्यायचे, तर काम चोख हवे. म्हणून या सूचना.

पुदिना आठवडी बाजारातून आणावा. जुडी घेताना नाकाला लावावी. भाजीवाली बघत असली तरी लावावी. घरी आल्यावर नुसती पाने खुडावीत, कारण पुदिन्याची जाड काडी चटणीत कडू लागते. कोथिंबिरीची कोवळी काडी मात्र टाकू नये, वास तिच्यातच असतो. खुडण्याचे काम घरातल्या त्या सदस्याकडे द्यावे, जो स्वयंपाकघराच्या दारातून ‘काही मदत करू का?’ असे विचारतो आणि उत्तर येण्याआधी निघून जातो. त्याला आधी पकडावे.

प्रमाण असे : दाबून भरलेली १ वाटी पुदिना, २ वाट्या कोथिंबीर, ४ हिरव्या मिरच्या, आल्याचा छोटा तुकडा, अर्धा चमचा जिरे, मीठ, थोडे काळे मीठ, अर्ध्या लिंबाचा रस आणि २ चमचे डाळवे. मिरच्यांचा आकडा किमान समजावा. लसूण किती, हे लिहिलेले नाही. लिहिले तरी पाळले जाणार नाही. डाळवे वगळू नये. ते पाणी धरून ठेवते, चटणी भज्याला चिकटते आणि भजे ओले होत नाही.

हळद घालू नये. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही जिल्ह्याला अभिमानाची गोष्ट आहे. पण तो अभिमान वरणात व्यक्त करावा. हिरव्यात पिवळे पडले की पाहुणा आधी रंगाची चौकशी करतो.

आता सर्वात नाजूक प्रकरण, काळे पडण्याचे. पान वाटले गेले की त्यातली विकरे हवेतल्या ऑक्सिजनला भेटतात आणि चिरून ठेवलेल्या वांग्याचे होते तेच चटणीचे होते. मिक्सर सलग फिरवला की भांडे तापते आणि हिरवेपणाची उरलीसुरली आशाही जाते. तेव्हा बर्फाचे पाणी घ्यावे, मिक्सर थांबत थांबत फिरवावा आणि लिंबू वाटतानाच पिळावे. आंबटाने काळेपणा लांबतो. मात्र तोच आंबटपणा तासन्‌तास राहिला तर हिरवा रंग शेवाळी करून टाकतो. लिंबू आज वाचवते, उद्या बुडवते. म्हणून चटणी त्याच दिवशी करून त्याच दिवशी संपवावी. ऐन वेळी लाइट गेली तर महावितरणच्या नावाने बोटे न मोडता पाटा धुऊन घ्यावा. पाट्यावर चटणी तापत नाही. फक्त वाटणारा तापतो.

‘पुदिना थंड असतो, मिरची वाढली तरी चालेल’ हा युक्तिवाद फेटाळावा. जिभेला गार वाटायला लावते ते मेन्थॉल, आणि चटणीच्या नेहमीच्या पुदिन्यात ते फारसे नसते. त्याचा वास कार्व्होनचा. तिखट लागल्यावर तांब्याभर पाणी पिऊनही उपयोग नाही, मिरचीतला तिखटपणा पाण्यात विरघळत नाही. दही कामाला येते. ते चटणीत चमच्याने कालवावे. मिक्सरमध्ये घातले की चटणीचे ताक होते.

महाशिवरात्रीला औंढा नागनाथाचे दर्शन घेऊन आलेल्या मंडळींसाठी साबुदाणा वडे असतील, तर स्वतंत्र आदेश लागू. लसूण रद्द, डाळवे रद्द, त्याच्या जागी शेंगदाण्याचा कूट. कोथिंबीर उपवासाला चालते की नाही, जिरे चालते की नाही, यावर घरोघर वेगळे निकाल आहेत. सासूबाईंचा निकाल अंतिम, अपील नाही.

वेळेबाबत एकच नियम. चटणी वाटून झाल्याशिवाय कढई गॅसवर चढवू नये. पहिला घाणा स्वयंपाकघरातच उभ्याउभ्या संपतो, ही वहिवाट आहे; तिला हरकत घेऊ नये. दुसरा घाणा बैठकीत जाईल तेव्हा वाटी सोबत गेली पाहिजे.

एवढ्यात दारात आणखी चार जण येतील आणि आतून कोणी तरी म्हणेल, ‘घाल की जराकसं पाणी, पुरंल सगळ्याईले.’ घालू नका. बेसन वाढवा, कांदा वाढवा, चहा वाढवा. चटणी संपली तर संपली म्हणून सांगा.