पदरमोड करून रात्रपाळी

परदेशात नोकरी लागली म्हटलं की मिरजेत लोक पेढे मागतात. मी ख्रिस्ती मिशनच्या जहाजावर नर्स म्हणून चाललेय असं सांगितलं, तेव्हा सासूबाईही खूश झाल्या. (आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात.) पण चौकशी झाल्याशिवाय तोंड गोड करायचं नाही, हा त्यांचा जुना नियम.

“पगार किती?”

“पगार नाही, आत्या.”

“राहायला-जेवायला तरी घालतील?”

“त्याचे पैसे दरमहा मीच भरायचे. तिकीटही आपलंच.”

“आणि पेशंटकडून काय घेतात?”

“काही नाही. ऑपरेशन फुकट.”

आत्यांनी जरा विचार केला. “मग तू पेशंट म्हणूनच जा की!”

हिशेब बिनचूक होता. ‘मर्सी शिप्स’ ही संस्था 1978 साली निघाली. तिच्या जहाजांवरच्या रुग्णालयांत सर्जनपासून भांडी घासणाऱ्या पोरापर्यंत बहुतेक सगळे पदरमोड करून राबतात. मिरजेला हे पचायला जड, कारण आमच्याकडे मिशनरी येतात. इथून कुणी जात नाही. कॅनडाचे वानलेस डॉक्टर आले, 1894 मध्ये रुग्णालय उभं राहिलं, तेव्हापासून गाव आयातीवर संतुष्ट आहे. पाळकसाहेबांनी उपासनेत माझ्यासाठी प्रार्थना केली ती अशा सुरात, की मागच्या बाकावरच्या दोघी डोळे पुसायला लागल्या.

आमचं जहाज ‘आफ्रिका मर्सी’ तेव्हा मादागास्करच्या तोआमासिना बंदरात होतं. खरं तर ते जायचं पश्चिम आफ्रिकेत, पण 2014 मध्ये तिकडे इबोलाची साथ पसरली आणि बेत बदलला. ही मूळची डेन्मार्कची फेरीबोट, 1980 ची. आगगाडीचे डबे पोटात घेऊन समुद्र ओलांडायची. डबे उभे राहत त्या मजल्यावर आता पाच ऑपरेशन थिएटर आणि वॉर्ड आहेत. मिरजेसारख्या रेल्वे जंक्शनच्या गावातल्या बाईला याहून घरगुती जागा कुठे मिळणार? झोपायलाही एकावर एक बर्थच मिळाले.

आंघोळीला पाणी दोन मिनिटं. अंग ओलं करा, नळ बंद, साबण लावा, नळ चालू, आटपा. केबिनमधल्या गोऱ्या मुलींना हा मोठा त्याग वाटे. पाणी किती वाजता येतं हे न विचारता आंघोळ करता येते, याचंच मला अप्रूप. आणि याच जहाजावर स्टारबक्सची कॉफी मिळते! दोन मिनिटांत आंघोळ उरकलेली माणसं तिथे दोन दोन तास त्यागावर बोलत बसतात.

वॉर्डात मात्र मी पहिल्या दिवसापासून सीनिअर ठरले. तिथे पेशंटचा नातेवाईक खाटेखाली गादी टाकून झोपतो. रात्री बी.पी. घ्यायला वाकावं तर खालून कुणीतरी पाय लांब करतं, आणि युरोपातून आलेली नर्स किंचाळते. मला उलट खाटेखाली कुणी नसतं तर चुकल्याचुकल्यासारखं झालं असतं. अंधारात डोकं कुठे, डबा कुठे, हे ओळखून पाऊल टाकायची विद्या आपल्या सरकारी दवाखान्यातच मिळते. मी तिचे चक्क वर्ग घेतले. डिग्रीपेक्षा तिचाच मान मोठा झाला.

नावांपुढे मात्र आम्ही सगळ्या सारख्याच. मादागास्करच्या एका जुन्या राजाचं नाव आंद्रियानाम्पोइनिमेरिना. रयतही त्याच वळणाची. हँडओव्हरला पेशंटचं नाव सांगून होईपर्यंत त्याचा ताप उतरलेला असायचा. वाकड्या पायांची ऑपरेशनं झालेली पोरं दोन्ही पायांना प्लास्टर घेऊन वॉकरच्या शर्यती लावत. त्यांना ओरडावं, तर दुभाषाच शर्यतीवर पैज लावून बसलेला.

जबड्याची गाठ घेऊन येणाऱ्यांकडे बघून पहिल्यांदा घशाशी आवंढा येतो. गाठ इतकी वाढलेली की गिळता येत नाही, श्वास अडतो. अनेकदा तो कॅन्सरही नसतो. वेळेवर काढणारं कुणी भेटलेलं नसतं, एवढंच. तोंडाची ऑपरेशनं झाली की नाकातून नळी, नळीतून अन्न, आणि दर वेळी तक्त्यावर नोंद. तक्ता भरताना देवाची आठवण येते, पण ती पेन चालत नसल्यामुळे.

रक्तपेढी म्हणजेही आपणच. रक्तगट लिहून ठेवतात, गरज पडली की बोलावतात. पैसे आपले, काम आपलं आणि वर रक्तही आपलंच. हे मी घरी कळवलं नाही.

एका गोष्टीवर विनोद सुचत नाही. अडलेल्या बाळंतपणात वेळेवर सिझेरियन झालं नाही, तर मूत्राशयाला भोक पडतं आणि लघवी सतत गळत राहते. मूल बहुधा गेलेलं असतं. नवराही पुष्कळदा टाकतो. अशी बाई बरी होऊन निघते, तेव्हा तिला नवा पोशाख घालून वॉर्डात गाणी म्हणत वाजतगाजत समारंभ होतो. रेव्हरंड टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर म्हणत वाढलेली मी, त्या तालावर नाचले. आयुष्यात कुणाच्या वरातीत नाचले नव्हते. रात्री गुडघे धरले. पण फिजिओथेरपिस्टही स्वयंसेवक, त्यामुळे तेवढं तरी फुकटात पदरात पडलं.

आता नर्स मैत्रिणी विचारतात, “सेवाभाव फार लागत असेल ना गं?” लागतो, पण त्याचा तुटवडा नाही, तो जो तो घरून बॅग भरून आणतो. तुटवडा आहे तो नळी नीट घालणाऱ्या, ड्रेसिंग न दुखवता बदलणाऱ्या आणि रात्रपाळीला कुरकुर न करणाऱ्या बायकांचा. तेव्हा ज्यांना जायचंय त्यांनी इंग्रजी घासूनपुसून घ्या, तिकिटाचे पैसे साठवा आणि आधी नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण करून घ्या. ती संपलेली असेल, तर कितीही प्रार्थना केली तरी अर्ज पुढे सरकत नाही.