सातपुते

सातपुते हे त्याचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव लिहिलं तर तो रविवारी येऊन ‘मी असा आहे का रे?’ असं विचारील, आणि आम्हा तिघांना खोटं बोलावं लागेल. त्या कलेत तो आमच्या फार पुढे आहे. तेव्हा नकोच.

तुमच्याकडेही एक सातपुते असतोच. शाळेत ‘काहीच अभ्यास झाला नाही रे’ म्हणत पेपरला बसणारा आणि शहाण्णव टक्के पाडणारा जो मुलगा होता ना, तो मोठा होऊन ‘मॅजिक : द गॅदरिंग’ खेळायला लागला की त्याचा सातपुते होतो.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणितज्ञाने काढलेला हा पत्त्यांचा खेळ १९९३ साली बाजारात आला. यात पत्ते बावन्न नसतात, हजारो असतात. ज्याने त्याने आपल्याला परवडतील ते घ्यायचे, आपला कॅट घरी जुळवायचा आणि दुसऱ्यांच्या कॅटशी भिडवायचा. त्याला डेक म्हणायचं. आम्ही खेळतो तो प्रकार कमांडर : डेक १०० पत्त्यांचा, जमिनीचे साधे पत्ते सोडले तर एकही पत्ता दुसऱ्यांदा नाही, प्रत्येकाला ४० लाइफ, आणि चौघे एकमेकांच्या विरोधात. हा प्रकार पत्ते विकणाऱ्या कंपनीने काढलेला नाही. अलास्कातल्या हौशी मंडळींनी तो सुरू केला, शेल्डन मेनरी या पंचाने जगभर नेला, आणि २०११ साली कंपनीने त्यासाठी तयार डेक विकायला काढले. कमांडरचा उद्देश मजा. जिंकणं दुय्यम. निदान सगळे तसं म्हणतात.

अडचण एवढीच की एकाचा डेक खोक्यातून जसा निघाला तसा असतो, आणि दुसऱ्याच्या डेकच्या किमतीत स्कूटर येते. म्हणून पत्ते पिसण्याआधी चौघांनी बोलून घ्यायचं : तुझा डेक दहापैकी किती ताकदीचा? हे बोलणं इतकं महत्त्वाचं मानतात की त्याला नियमांच्याही आधीचा नियम म्हणून ‘रूल झिरो’ असं नाव आहे. आणि या प्रश्नाला न्यूयॉर्कपासून नाशिकपर्यंत एकच उत्तर मिळतं : सात. आमचा सातपुते जरा जास्त विनयशील.

“सात धर,” तो म्हणतो. “म्हणजे खरं तर साडेसहा.”

ड्रॅगनांचा डेक : सात, खरं तर साडेसहा. कबरीतून मेलेले उठवणारा डेक : सात, खरं तर साडेसहा. एकदा त्याने पाचव्या टर्नला आम्हा तिघांना एकदम संपवलं. आमच्यातल्या ज्याच्या घरी डाव बसतो, त्या घरमालकाने नुकता चहा टाकला होता, तो उकळायच्या आत. डेक कितीचा, असं आम्ही पुन्हा विचारलं. त्याने शांतपणे पत्ते गोळा केले. “आज पडला बरोबर. एरवी साडेसहाच आहे.”

आमच्यातल्या वकीलबाईंनी त्याची एकदा रीतसर उलटतपासणी घेतली.

“तुझा डेक कितव्या टर्नला जिंकतो?”

“जमलं तर सहाव्या.”

“आणि नाही जमलं तर?”

“मग काय, सातव्या.”

हा आकडा त्याच्या जिभेवर इतका बसला की तो खेळाबाहेरही सांडायला लागला. मिसळ कितपत तिखट? सात, खरं तर साडेसहा. नवी गाडी कशी आहे? सात. एकदा मध्यरात्री त्याला मुतखड्याची कळ आली. डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला : एक ते दहामध्ये दुखणं किती? घामाने निथळणाऱ्या सातपुत्याने सांगितलं, “सात.” आणि अंगच्या सवयीने पुढे म्हणाला, “साडेसहा धरा.” डॉक्टरांनी गोळी देऊन घरी पाठवलं. पहाटे बायकोने परत नेलं तेव्हा आकडा तिने सांगितला.

त्याच्या ‘साडेसहा’च्या डेकमध्ये काय काय असतं ते २०२४च्या सप्टेंबरात कळलं. या प्रकाराचे नियम तेव्हा काही हौशी लोकांची समिती पाहायची. त्यांनी चार पत्त्यांवर बंदी घातली. त्यात माना क्रिप्ट आणि ज्वेल्ड लोटस हे दोन चांगलेच महागडे, पहिल्या एक-दोन टर्नमध्येच बाकीच्यांच्या पुढे नेणारे. जगभर आरडाओरडा झाला, समितीतल्या माणसांना धमक्या गेल्या, आणि आठवड्याभरात त्यांनी कारभार कंपनीच्या हवाली केला. पत्त्यांच्या खेळापायी माणसं एवढी पेटतात, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. मग रविवारी सातपुते आला. दाढी वाढलेली, चहा नको, सुतक असल्यासारखा बसलेला. विचारलं तर म्हणाला, “दोन गेले.” आम्हाला वाटलं नात्यातलं कुणी. ते दोघे त्याच्या साडेसहाच्या डेकमध्ये होते.

मग २०२५च्या फेब्रुवारीत कंपनीने दहाचं माप मोडून पाच पायऱ्या आणल्या. खोक्यातल्या तयार डेकची पायरी दुसरी, थोडी डागडुजी केलेल्याची तिसरी, चौथीला मोकळं रान, आणि पाचवी स्पर्धावाल्यांची. शिवाय डाव फिरवणाऱ्या पत्त्यांची एक यादी, ‘गेम चेंजर’ म्हणून. दुसऱ्या पायरीवर त्यातला एकही चालत नाही, तिसरीवर तीनपर्यंत चालतात. आम्हाला वाटलं, सापडला आता. पण सातपुते रातोरात त्रिवेदी झाला. सगळे डेक तीन! यादीतले पत्ते मोजून तीन, चौथा औषधालाही नाही. दोन पत्त्यांत डाव संपवणारा कॉम्बो तिथे लवकर चालत नाही ना? त्याचा तीन पत्त्यांचा. आमची तक्रार वाचून कंपनीने हे नियम केले असतील, पण ते पाठ त्याने केले.

यादीतल्या त्या तीन पत्त्यांतला एक ऱ्हिस्टिक स्टडी. तो टेबलावर आला की दुसऱ्या कुणी जमीन सोडून काहीही खेळलं तरी त्याने एक माना, म्हणजे पत्ता खेळायचं मोल, जादा भरायचा. नाही भरला तर स्टडीवाला पत्ता उचलणार. सातपुते तो मांडतो आणि पुढचा तासभर दर वेळी, पुरणपोळीचा आग्रह करावा इतक्या गोड आवाजात विचारतो, “एक भरतोस का?” भरलं तर आपलं काम अडतं, नाही भरलं तर त्याचा हात भरतो. तो मात्र दोन्ही वेळा “थँक्यू” म्हणतो.

एवढं सोसून आम्ही त्याच्याशी खेळतो, कारण त्याचं एक गुपित आमच्याकडे आहे. डाव संपवणारा पत्ता हातात आला की सातपुते चष्मा पुसतो. शर्टाच्या टोकाने, आधी डावी काच, मग उजवी. डावी काच झाली की आम्ही तिघे एकमेकांकडे न बघता त्याच्यावर तुटून पडतो. “अरे पण मीच का? माझ्याकडे काय आहे?” तो विचारतो. आम्ही मोघम काहीतरी सांगतो.

खरं तर त्याचं खोटं मला फार पूर्वी कळलं. चौघांच्या डावात ज्याने आपला डेक नऊ आहे असं सांगितलं, तो पहिला मरतो. बाकीचे तिघे मिळून त्याला आवरतात. तेव्हा सात म्हणणं हेच शहाणपण. प्रत्येक जण सात म्हणतो तो लाजेने नव्हे, जीव वाचवायला. सातपुते फक्त अर्ध्याने जास्त घाबरट.

नऊ हा आकडा त्याच्या तोंडून मी एकदाच ऐकला. घरमालकाचा भाचा नववीत होता, कडेला बसून बघायचा. सातपुत्याने त्याला उरल्यासुरल्या पत्त्यांतून एक डेक जुळवून दिला, नव्या स्लीव्ह घालून. पोराने विचारलं, “काका, हा किती?” सातपुते गंभीर झाला. “नऊ. जपून खेळ.” तो डेक चार होता, तेही रविवारचा दिवस म्हणून. पण ‘नऊ’ ऐकून आम्ही तिघे त्या पोरावर धावून गेलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा तीन मोठी माणसं आपल्याला घाबरतायत हे बघून त्याचं तोंड जे फुललं, ते आठ दिवस तसंच होतं म्हणे. गडबडीत डाव सातपुत्याने मारला. त्यात माया किती आणि कावा किती, मी अजून हिशेब लावतोय.

पुढे त्याच्या ऑफिसने त्याला हैदराबादला पाठवलं. आम्ही म्हटलं, चला, आता न्यायाने खेळू. त्याच्या खुर्चीवर भाचा, आणि चौघांकडे खोक्यातले कोरे तयार डेक. सगळे दोन, अगदी खरेखुरे दोन. डाव इतका समसमान झाला की कुणी कुणावर हल्लाच करीना. कुणाविरुद्ध एक व्हावं असं कुणी नव्हतं. तीन तासांनी घरमालक “बरोबरीत सोडवू या” म्हणाला आणि कुणीही हरकत घेतली नाही. वकीलबाई तर दर वेळी पत्ता टाकताना एक माना बाजूला ठेवत होत्या. “अगं, कुणासाठी ठेवतेस?” विचारलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि तो माना उगाच खर्चून टाकला.

पुढच्या रविवारी फोन पाण्याच्या जगला टेकवला आणि व्हिडिओवर सातपुत्याला बसवलं. भाचा माझ्या शेजारी. डेक कितीचा विचारल्यावर पलीकडून आवाज आला, “तीन. म्हणजे खरं तर दोनच.” घरमालकाने कोरा डेक खोक्यात टाकला आणि पिशवीतून दुसरा काढला. मीही काढला. चौथ्या टर्नला पडद्यावर शर्टाचं टोक वर आलं, आणि आम्ही सुटलो.

“अरे, मी अजून काही केलंच नाही!” फोन ओरडला.

“सातपुते, तू चष्मा पुसलास!” वकीलबाई विजयाच्या भरात बोलून गेल्या.

पलीकडे शांतता. वर्षानुवर्षं जपलेला एकमेव हुकूम एका वाक्यात गेला. कोर्टात ही बाई अशिलांचं काय करते, देव जाणे.

दिवाळीला तो पुण्यात आला. नवा डेक, नवी मॅट आणि डोळ्यांवर चष्मा नाही. लेन्स लावल्या होत्या. कितीचा डेक, असं विचारलं.

“दोन,” तो म्हणाला. “म्हणजे खरं तर पावणेदोन.”