सोयीस्कर अंतर घ्या

शाळेच्या भूमितीत काटकोन चार ओळींत निघतो. रेषा काढा, तिच्यावर एक बिंदू घ्या. कंपासमध्ये सोयीस्कर अंतर घेऊन बिंदूच्या दोन्ही बाजूंना कंस काढा. अंतर थोडे वाढवा, त्या दोन खुणांवरून वरच्या अंगाला एकमेकांना छेदणारे दोन कंस काढा. ते छेदतील तो बिंदू खालच्या बिंदूला जोडा. झाला काटकोन. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातले अकरावे विधान ते हेच, आणि दोन हजारांहून अधिक वर्षांत त्यात कोणाला खोट काढता आलेली नाही. खोट आहे ती ‘सोयीस्कर’ या शब्दात. हा शब्द लिहिणाऱ्याने नागाव-चौल-रेवदंडा पट्ट्यात कधी घराचे जोते आखलेले नसणार.

सदर मार्गदर्शन ज्यांच्या वाट्याला तीन गुंठ्यांची वडिलोपार्जित वाडी, तीत तीस पोफळी, सात माड आणि पाच सहहिस्सेदार आले आहेत, आणि तरीही दोन खोल्या बांधण्याची उमेद शिल्लक आहे, अशांसाठी आहे. बाकीच्यांनी वहीत काढावा.

साहित्य : कंपासपेटीतला कंपास घेऊ नये. त्याचा स्क्रू सातवीतच ढिला झालेला असतो आणि कंस सुरू होतो त्या त्रिज्येवर कधी संपत नाही. जागेवरचा कंपास म्हणजे एक खुंटी आणि एक दोरी. दोरी माळ्यावरच्या सुंभाची नको. सुंभ जळला तरी पीळ जात नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण ताण दिला की सुंभ वाढतो, हे मला डावा कंस उजव्यापेक्षा चार बोटे मोठा आल्यावर कळले. गवंड्याची लाइनदोरी घ्यावी. शिवाय फक्की, ओळंबा, मोजपट्टी आणि सल्ला न देणारा एक मदतनीस. शेवटची वस्तू तालुक्यात मिळत नाही.

आता रेषा. पुस्तकात ती आधीच काढून ठेवलेली असते, इथे शोधावी लागते. रस्ता धरावा तर तो बैलगाडीच्या चाकोरीवर डांबर ओतून झालेला. बांध धरावा तर तो दर पावसाळ्यात ज्याची कुदळ चालते त्याच्या विरुद्ध बाजूला सरकतो. म्हणून मोजणीचा कागद काढावा. आपल्याकडची जुनी मोजणी शंकू-साखळीची. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. शेतातून एक सरळ पायारेषा टाकायची, तिच्यावर साखळी ओढत जायचे आणि शंकू या यंत्रातून बघून बांधाच्या प्रत्येक कोपऱ्यापर्यंत काटकोनात अंतर घ्यायचे. शंकू म्हणजे काठीवर बसवलेल्या, एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन नजररेषा. ही सगळी अंतरे टिपणात उतरत. थोडक्यात, जिल्ह्याचे नाव कुलाबा होते तेव्हापासून (रायगड झाले १९८१ साली) इथल्या एकेक वाकड्या बांधाची नोंद काटकोनांनीच करून ठेवलेली आहे. टिपणात काटकोन आणि जमिनीवर वाकडेपणा, आणि मधल्या फटीत तालुक्याच्या ठिकाणची निम्मी वकिली.

समजा, हद्दीचा एक दगड सापडला आणि रेषा मिळाली. घराचा कोपरा धरायचा म्हणजे काटकोन रेषेच्या टोकावर हवा. इथे पुस्तक म्हणते, ‘रेषा पुढे वाढवा.’ वाढवून पाहा. पुढे शेजारच्या काकांची वाडी आहे. माझा कंस त्यांच्या कुंपणापलीकडे जेमतेम दोन फूट गेला असेल, तोच काका लुंगी सावरत आले.

“काय चाललंय?”

“काही नाही काका, कंस काढतोय.”

“कंस काढा नाहीतर रावण. फक्की माझ्या पोफळीला लागता कामा नये.”

अशा प्रसंगी वाद घालू नये, कृती बदलावी. आपल्याच हद्दीत, रेषेपासून दूर, कुठेही एक खुंटी ठोकावी. दोरी तिथून आपल्या कोपऱ्यापर्यंत ताणून पूर्ण वर्तुळ फिरवावे. ते पायारेषेला आणखी एका जागी कापेल. त्या जागेपासून खुंटीवरून सरळ पलीकडे दोरी न्यावी. ती वर्तुळाला जिथे भेटेल ती खूण कोपऱ्याला जोडली की काटकोन तयार, आणि शेजाऱ्याच्या जमिनीला बोटही लागलेले नाही. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो हे प्रमेय आम्ही पाच मार्कांसाठी पाठ केले होते. ते शेजारधर्मासाठी आहे असे कोणी सांगितले असते तर सिद्धताही लक्षात राहिली असती.

या कृतीत वर्तुळ फिरवायला मोकळी जागा लागते. तीन गुंठ्यांत तीस पोफळी असल्यावर दोरी तीन पावलांत पहिल्या झाडाला गुंडाळते, त्रिज्या आखडते आणि वर्तुळाची गोगलगाय होते. पोफळ तोडायची नाही, आत्याने लावलेली आहे. आत्या सहहिस्सेदार आहे.

मग मी दिशाच पक्की करायला निघालो. पूर्व-पश्चिम मिळाली की उत्तर-दक्षिण तिला काटकोनातच. गवंड्याने मोबाइलमधले होकायंत्र सुचवले. मोबाइल सळयांच्या भाऱ्यावर ठेवलेला असल्यामुळे उत्तर चहाच्या टपरीकडे गेली. अलिबागकरांनी तरी ही चूक करू नये. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी चुंबकसूचीची मापे बिघडणार, म्हणून तिथल्या कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली आपल्याच गावात आणली, आणि तिच्या इमारतीत लोखंड येऊ दिले नाही. आणि मी सूची ठेवली कुठे, तर टनभर सळयांवर.

राहता राहिला कात्यायनाच्या शुल्बसूत्रातला उपाय. सपाट जमिनीवर शंकू रोवायचा (हा साधा खुंटा, मोजणीवाल्यांचा तो वेगळा), त्याच्याभोवती वर्तुळ काढायचे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला आत येताना जिथे शिवते आणि दुपारनंतर बाहेर जाताना जिथे शिवते, त्या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम. त्या खुणांवर दोन खुंट्या ठोकून दोरीची टोके अडकवायची, मध्य धरून एकदा उत्तरेला, एकदा दक्षिणेला ताणायचा, की काटकोन. यज्ञवेदीसाठी पुरला, तो दोन खोल्यांना पुरावा. वाडीत सावलीवर सावली पडते, म्हणून सरावाला किनारा बरा. फक्त तिथी पाहून जावे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. पौर्णिमेला सव्वाअकरा, म्हणजे सकाळची खूण दुपारपर्यंत वाहून जाणार. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी ऐन दुपारी, तेव्हा नऊ ते तीन वाळू आपली. मी अष्टमीला गेलो. काटकोन इतका सुरेख आला की घोडागाडीवाल्यानेही गाडी वळवून घेतली. तो घरी कसा न्यायचा, याबद्दल मात्र कात्यायन काही सांगत नाही.

परतलो तेव्हा गवंडी पायारेषेवर उकिडवा बसला होता. त्याने कोपऱ्यापासून एका बाजूला सहा फुटांवर खूण केली, दुसरीकडे आठ फुटांवर, आणि दोन्ही खुणांमध्ये पट्टी धरून दुसरी दोरी दहा फूट भरेपर्यंत सरकवली. तीन-चार-पाचाची दुप्पट. हीसुद्धा शुल्बसूत्रांतलीच, पाच-बारा-तेराच्या शेजारची. विडी संपायच्या आत चारही कोपरे आखून झाले. समोरासमोरचे कर्ण मोजले, सुतभरही फरक नाही. मी फक्कीची पिशवी उघडली.

गवंडी मात्र रस्त्यावर जाऊन उभा राहिला आणि एक डोळा मिटून बघू लागला.

“भाऊ, काटकोन बरोबर आहे. पण रस्ता तिरका, काकांचं कुंपण तिरकं, पलीकडचं देऊळ तिरकं. सगळ्यांत आपलंच घर वाकडं दिसणार.”

मीही एक डोळा मिटून पाहिले. दिसत होते खरे. त्याने कोपऱ्याची खुंटी उपटली आणि हातात धरली.

“किती सरकवू?”

“सोयीस्कर,” मी म्हणालो.