पाचशे केबीचा पुरावा

‘आपले सरकार’ पोर्टलच्या हिशेबी माणसाचा चेहरा ५ ते २० केबीत मावतो आणि कागदपत्र ७५ ते ५०० केबीत. खालचीही मर्यादा आहे बरं; फार बारीक झालात तरी बाहेर.

बीडवर १९४८ पर्यंत निजामाचा अंमल, म्हणून जुन्या नोंदी कुठे मोडीत, कुठे उर्दूत. २०२३ मध्ये मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती बसली, दप्तरं उघडली, आणि दाखल्याच्या अर्जासाठी पणजोबांना स्कॅनरखाली झोपावं लागलं. ए-फोर पान ३०० डीपीआयवर रंगीत घेतलं की कच्चा माल २५ एमबीच्या वर. सेतू केंद्रातला पोरगा डीपीआय निम्मा करतो, फाईल चौथाई. रंग काढतो, त्याचीही तिहाई. इथवर सगळं शाबूत असतं. पण घाई असते, मागे रांग असते. तो जेपीईजीची क्वालिटी थेट तळाला नेतो, आणि फिकट शाईतली मोडी वाळवीच्या वाटेसारखी दिसू लागते.

“काका, बसलं एकदाचं!”

आठवड्यानं त्रुटी येते: कागदपत्र अस्पष्ट, मूळ प्रतीसह समक्ष हजर राहावे. येताना दोन झेरॉक्स आणाव्यात.